सरांना धरायचं नाही

भिंतीवरची पट्टी चुकलीय, असं साळवे सरांनी जाहीर केलं आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांनी ते खरं मानलं. सर खेळाचे शिक्षक, मोजमापात त्यांचं कुणी खोडून काढत नसे. आमच्या वालूरच्या शाळेत खेळाच्या खोलीच्या दाराशेजारी उंचीची पट्टी रंगवलेली होती. दर जूनमध्ये कबड्डीसाठी मुलं निवडताना सर त्यांना तिच्याखाली उभं करायचे. त्याआधी स्वतः अनवाणी, पाठ टेकून उभे राहायचे आणि कुणाला तरी आकडा वाचायला लावायचे. "पाच आठ ना? मंग पट्टी बराबर हाय. आणा पोरं."

त्या जूनमध्ये आकडा वाचायला मी होते. पाच फूट साडेसहा इंच. सर म्हणाले, "नीट बगा मॅडम, चष्मा पुसा." मी चष्मा पुसला. साडेसहाच. मग ते ताठ झाले, हनुवटी वर केली, श्वास ओढून धरला. तरी साडेसहा. "फरशी दबली असंल," म्हणाले, आणि त्याच आठवड्यात पेंटर बोलावून सगळे आकडे दीड इंच खाली घ्यायला लावले. त्या वर्षी आमच्या शाळेतली सगळी पोरं कागदावर दीड इंचानं वाढली आणि पालक खूश झाले.

मला एक खोड आहे. कुठं काही चुकतंय असं वाटलं की जेवण जात नाही. शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेतली मीटरपट्टी घेऊन गेले आणि एकटीनं भिंत मोजली. नव्या रंगाखाली जुने आकडे अंधूक दिसत होते. ते बरोबर होते. फरशी जिथल्या तिथं होती. मीटरपट्टी हातात धरून मी तशीच उभी राहिले आणि मला भीती वाटली, कारण सरांची एक गोष्ट त्या शाळेत फक्त मला माहीत होती.

सरांना फिट यायची.

मला ते कळलं त्याला वीस वर्षं झाली. मी सेलूहून रोज येऊन-जाऊन नोकरी करणारी नवी विज्ञान शिक्षिका होते. सर स्पिरिटची बाटली मागायला प्रयोगशाळेत आले होते, एका मुलाचा गुडघा फुटला होता. मी कपाट उघडत होते तेवढ्यात मागं एक विचित्र आवाज झाला आणि सर धाडकन खाली पडले. हातपाय झटकायला लागले. मी बी.एस्सी., बी.एड., मज्जासंस्थेचा धडा तोंडपाठ. आणि मी काय करावं? कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांच्या मुठीत कोंबला! लहानपणी आजोळी पाहिलेलं तेवढंच हाताला आठवलं. दोन मिनिटांनी सर शांत झाले. बऱ्याच वेळानं डोळे उघडून त्यांनी आधी मुठीतल्या किल्ल्या पाहिल्या, मग माझ्याकडे.

"मॅडम, तुमी विज्ञानाच्या ना?"

मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठून बसले, कपडे झटकले आणि म्हणाले, "हे कुणाला सांगू नका. मैदानावरच्या मास्तरला मिरगी हाय म्हणल्यावर कोण पोरं पाठवील? नोकरीला लागताना लपीवलं. आता लपीवलेलं लपवीत ऱ्हावं लागायलंय." मी कबूल झाले. माझ्यासारख्या तोंडाळ बाईनं वीस वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली, हे माझ्या घरच्यांना अजून खरं वाटत नाही.

त्यानंतर मला सरांच्या सगळ्या तऱ्हांचा अर्थ लागत गेला. गावात त्यांच्या तऱ्हांवर लोक मनसोक्त हसायचे. सर कधी मोटारसायकलवर बसायचे नाहीत, सायकलवरही नाही, कुठंही पायी. लोक म्हणायचे, "सर लय कंजूष, पेट्रोल जळंल म्हणून चालतेत." विहिरीच्या काठाशी ते उभे राहायचे नाहीत. पोहायला गेलेल्या मुलांना लांबूनच ओरडायचे. भाषणाला स्टेजवर बोलावलं तर खालूनच माईक मागायचे. स्वयंपाकघरात चुलीपाशी त्यांना बायको बसू द्यायची नाही. आणि खिशात कायम एक चुन्याची डबी. रोज दुपारी जेवणानंतर ते कोपऱ्यात तोंड फिरवून डबीतलं काहीतरी तोंडात टाकायचे. तंबाखूबंदीवर प्रार्थनेच्या वेळी बोलणारा खेळाचा मास्तर स्वतः तंबाखू खातो, अशी त्यांची बदनामी पंचक्रोशीत झालेली होती. डबीत शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या होत्या. मिरगीपेक्षा तंबाखूची बदनामी त्यांना परवडत होती.

घरची गोष्ट त्यांनीच एकदा सांगितली. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. घरातले देव, गंडे, दोरे सगळे त्याच साली गेले. "पण मला फिट आली की आई चप्पल काढून नाकाला लावायचीच. बाप वरडायचा, अगं बाबासाहेबांनी काय सांगितलं? आई म्हणायची, त्यांनी समदं सांगितलं, पण लेकरू झटके खायलं तर बसून बघा असं न्हाई सांगितलं." हे सांगून सर पोट धरून हसले होते. लग्न झालं तेव्हा शोभावहिनींना काहीच सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाहिलं. त्या सहा महिने बोलल्या नाहीत. सातव्या महिन्यात गोळ्यांचं वेळापत्रक त्यांनी हातात घेतलं आणि मग ते कुणाला दिलं नाही.

आता सर शिकवायचे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वालूरच्या दर तिसऱ्या घरात त्यांच्या हाताखाली खेळलेला माणूस सापडतो. कबड्डीत सगळ्यांना चढाईची हौस असते, दम घ्यायचा, घुमायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. सरांना त्यात रस नव्हता. "चढाई कुणालाबी येती. पकड शिकावी लागती," हे त्यांचं वाक्य. पकडीच्या वेळी समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, घोट्याकडं बघायचं. विचार करायचा नाही, हात आपोआप गेला पाहिजे. आणि एकदा धरलं की शिट्टी वाजेपर्यंत सोडायचं नाही, लाथा बसोत, नाक फुटो. त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीत ती शिट्टी अडकवलेली असायची. तिच्याशिवाय सर मी कधी पाहिले नाहीत, लग्नाकार्यातही सदऱ्याच्या आत असायचीच.

या पकडीचा सगळ्यात पक्का विद्यार्थी म्हणजे बालाजी. आता चौतीस-पस्तीसचा गडी, गावाबाहेर सोयाबीन-कापसाची शेती, दोन लेकरांचा बाप. त्याच्या हातात घोटा सापडला की चढाईवाला जागचा हलत नसे. जिल्ह्याच्या सामन्यात त्याला लोक लांबून बघायला यायचे. सरांचं नाव काढलं की हा माणूस आजही डोक्यावरची टोपी काढतो.

तर, पट्टी. दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठून सांगितलं, "पट्टी बरोबर होती सर. तुम्ही कमी झालात." ते हसले. म्हणाले, "माणूस काय साबण हाय का मॅडम, झिजायला?" पण त्यांची पँट घोट्याशी गोळा होत होती, हे मला दिसत होतं. पाठीला बाक आला होता. दोन महिने पाठ दुखते म्हणून ते मलम चोळत होते. मी हट्टच धरला, वहिनींनाही सामील करून घेतलं, तेव्हा कुठं परभणीला गेले. तिथून संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आल्यावर सरांनी मला खेळाच्या खोलीत बोलावलं आणि फोटो दाखवले. पाठीचे दोन मणके चेपले होते. झोपेत कधीतरी फिट येऊन गेली असावी, त्या झटक्यानं.

"तीस वर्षं गोळ्या खाल्ल्या," सर म्हणाले. "त्यांनी फिट आवरली, पण हाडं खाल्ली म्हणायलेत. आता जुनी गोळी हळूहळू कमी करायची, नवी सुरू करायची. हाडांचं इंजेक्शन येगळं. तीन-चार महिने लागतील. त्या मधल्या काळात फिट येऊ शकती."  खिडकीतून मैदान दिसत होतं, मुली सराव करत होत्या. "डॉक्टर म्हणले, फिट आली तर कुणी धरायचं न्हाई. दाबून धरलं तर काडीवानी मोडंल."

 खाली मैदानात एकीनं दुसरीचा घोटा धरला होता आणि ती शिट्टीची वाट बघत होती.

फिट आलेल्या माणसाला धरायचं, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. चार जण धावतात, एक छातीवर बसतो, दोघं हात दाबतात, एक पाय. प्रेमानंच करतात. आणि या गावात तर धावणारे चारही जण सरांनीच घडवलेले असणार होते. तीस वर्षं त्यांनी गावभर जे हात तयार केले, तेच आता त्यांच्यासाठी धोक्याचे झाले होते.  

आठ दिवसांनी सरांनी संघातल्या मुलामुलींना मैदानात गोल बसवलं आणि सांगून टाकलं. मला मिरगी आहे, लहानपणापासून आहे. वीस वर्षं जी गोष्ट मी जपली ती त्यांनी एका वाक्यात उघड्यावर मांडली. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग सर म्हणाले, "आता मी पडणार हाय. तुमी काय करताव बघू," आणि खरोखरच धुळीत आडवे झाले. हळू, कोपरावर भार देत, पण आडवे झाले. दात आवळले, हात आखडले, पाय झटकायला लागले. इतकं हुबेहूब की मीही एक पाऊल पुढं धावले.

बारापैकी अकरा जणांनी झडप घातली. सरांनी शिट्टी फुंकली. "आऊट! अकराच्या अकरा आऊट. मैदानाला चक्कर."

रोज अर्धा तास हा सराव चालायचा. सामान बाजूला सरकवायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी सारायचं. तोंडात काही घालायचं नाही. घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवायची. थांबलं की कुशीवर वळवायचं. आणि धरायचं नाही. आठवीतली एक मुलगी, आरती, रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, हात आपोआप जायलेत, मी काय करू?" सर म्हणाले, "तुजी चूक न्हाई गं. मीच तसले केलेत हात." मग तिला म्हणाले, "मागं बांध. दोन्ही हात मागं बांधून हुबी ऱ्हा." पंधरा दिवसांनी सर पडले की बारा मुलं हात पाठीशी बांधून गोल उभी राहायची, आणि आरती घड्याळ बघून सेकंद मोजायची. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. त्यांना वाटायचं, कसला तरी नवा खेळ आहे.

मी एकदा विचारलं, "इतकं हुबेहूब कसं जमतं? तुम्ही तर स्वतःला कधी पाहिलेलं नाही."

"शोभानं करून दाखवलं," सर म्हणाले. "सैपाकघरात, फरशीवर पडून. पंचवीस वर्षं बघायली ती. मी म्हणलो, दाव मला मी कसा दिसतो. तिनं दाखवलं, मंग उठून भाकरी टाकायला बसली. त्या दिवशी मला भाकर गेली न्हाई, मॅडम."

मी सांगितलं होतं की हे जुन्या पोरांनाही शिकवा. बालाजीला, किराणावाल्या गणेशला, सगळ्यांना एका रविवारी बोलवा. सर ऐकेनात. "पोरांचं ठीक हाय. त्या बाप्यांफुडं न्हाई लोळायचं मला मातीत. इज्जत ठेवून हायेत ते." मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही. शाळेच्या तपासणीच्या गडबडीत होते. सरांच्या त्या ताठ्याचा मला आजही राग येतो, आणि त्याहून जास्त माझ्या तिसऱ्यांदा न म्हणण्याचा.

ते बाजाराच्या दिवशी झालं. शाळा सुटून मी सेलूच्या गाडीआधी भाजी घेत होते. सर माझ्यापुढं दहा-बारा पावलांवर, पिशवी घेऊन मेथीच्या जुड्या उलटसुलट बघत होते. तो आवाज मी वीस वर्षांपूर्वी एकदाच ऐकला होता, तरी मान वळवायच्या आधी ओळखला. सर पडले ते भाजीच्या ढिगावर. मेथी, शेपू, कोथिंबीर. गादीवर पडावं तसे पडले. पडण्यानं त्यांना काही झालं नाही, हे मी आजही शपथेवर सांगीन.

बाजारात आमच्या शाळेची तीन मुलं होती, आरती त्यातच. ती सगळ्यांच्या आधी पोचली. तिनं वजनकाटा लाथेनं उडवला, ओढणी सरांच्या डोक्याखाली सारली आणि दोन्ही हात पसरून ओरडायला लागली, "धरू नका! सरांना धरू नका!" पण तेरा वर्षांच्या पोरीचं बाजारात कोण ऐकतं? लोकांना वाटलं, पोरगी घाबरलीय. तिकडून गणेश दुकान सोडून पळत आला, हॉटेलातून सरांचे दोन जुने खेळाडू उठले आणि बैलाच्या दोऱ्या घेत असलेला बालाजी दोऱ्या टाकून आला. "सर! आरं आपले सर!" मी हातगाड्यांच्या मागं अडकले होते. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारा माझा आवाज त्या गलक्यात कुणाला ऐकूच गेला नाही.

बालाजीला दिसलं की सरांचे पाय रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटतायत. त्यानं तोंडाकडे पाहिलं नाही, घोट्याकडे पाहिलं. पोटावर झेप घेऊन त्यानं दोन्ही घोटे धरले, छातीशी आवळले आणि अंगाचा सगळा भार टाकला. जिल्ह्यात गाजलेली ती पकड. बाकीच्या तिघांनी खांदे आणि हात दाबले होते. सरांचं शरीर कमरेतून वर उसळत होतं आणि पाय जागचे हलत नव्हते.

आवाज मोठा नव्हता. मला तो ऐकू आला की मला नंतर तसं वाटायला लागलं, माहीत नाही. बालाजीला मात्र तो हातात कळला. तरी त्यानं सोडलं नाही. त्याला शिकवलंच तसं होतं. शेवटी आरतीनं सरांच्या सदऱ्यात हात घालून शिट्टी बाहेर ओढली, दोरी गळ्यातच होती म्हणून तशीच वाकून तोंडाला लावली आणि जीव खाऊन फुंकली. त्याबरोबर चौघांचेही हात एकदम सुटले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. परभणीला ऑपरेशन करून सळई घातली. डॉक्टरांनी सांगितलं की एवढ्या ठिसूळ हाडाला नुसता फिटचा झटकाही पुरतो, कुणी धरल्यानंच मोडलं असं म्हणता येत नाही. सरांनी हे वाक्य धरून ठेवलं. जो येईल त्याला, बालाजी ऐकेल अशा बेतानं, ते हे वाक्य सांगायचे. बालाजी ऐकायचा आणि खाली बघून एवढंच म्हणायचा, "सर, मला हातात कळलं."

तो रोज यायचा. दूध आणायचा, दवाखान्याचे कागद आणायचा, वहिनींनी सांगितलं ते सगळं करायचा, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा नाही. बाहेर ओट्यावर दोन्ही हात काखेत दाबून बसायचा. आणि गावाचं तसंच झालं. आधी ऐकत नव्हते, आता सगळ्यांनी एकदम ऐकलं. लोक यायचे, दारातूनच जय भीम घालायचे, लांबूनच हात जोडायचे. पाया पडणारे पाया पडेनात. गणेशची लहान लेक खाटेकडे धावली तर त्यानं तिला मागच्या मागं ओढली. शाळेतली मुलं आली ती हात पाठीशी बांधूनच खोलीत उभी राहिली.

"मॅडम," सर मला म्हणाले, "मी म्हणलो व्हतो फिटंत धरू नका. ह्ये तर कुणी हातबी लावीना. शोभा सोडली तर महिना झाला, मला मानसाचा हात लागला न्हाई." मी त्यांच्या खाटेपासून दोन हातांवर खुर्चीत बसले होते. मीही खुर्ची पुढं ओढली नाही. मी विज्ञानाची.

नवी गोळी अजून अंगी लागत नव्हती. वहिनींच्या वहीत फिटांच्या नोंदी आठवड्याला एकवरून दोनवर गेल्या होत्या. पडून राहिलं तर छातीत कफ भरेल म्हणून चालवा, असं परभणीचे डॉक्टर सांगत होते. चालवावं तर फिट, निजवावं तर कफ. वहिनी हे दोन्ही एका सुरात सांगायच्या, भाजीचा भाव सांगावा तसं. त्यांचं रडू त्यांनी कुठं ठेवलं होतं कोण जाणे.

सर ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी गेले. कफानंच. तेव्हा मी बाहेरगावी गेलेली होते, मला अखेरचं बघायला मिळालं नाही. त्यामुळे माझ्यापुरते सर मी शेवटचे पाहिले ते एका रविवारी सकाळी, त्यांच्या घरासमोरच्या अंगणात.

त्या दिवसापासून सरांना चालवायला परभणीचा एक माणूस येणार होता, तो आला नव्हता. वहिनींचा एक खांदा दुखत होता, एकटीच्यानं जमणार नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले, पण माझे हात काही पुढं होईनात. सरांनी ते पाहिलं आणि ओट्याकडे तोंड करून हाक मारली, "बालाजी. आत ये."

बालाजी उठला, पण दारातच थांबला.

"सर, मला नका सांगू."

"तुलाच सांगायलोय. ये म्हणलं ना."

तो आत आला. वहिनींनी दाखवलं तसं त्यानं एक हात सरांच्या काखेखाली आणि एक कमरेमागं नेला, पण तळवे अंगाला न लावता. सर म्हणाले, "लाव की रे. मी काय इस्तू हाय का, भाजायला?" मग त्यानं हात टेकवले. सर उभे राहिले. तिघं दारातून अंगणात आले, एक पाऊल, मग थांबायचं, मग दुसरं. सरांच्या कपाळावर घाम आला होता, पण तोंडावर एक समाधान होतं, ते मी महिन्याभरात पाहिलं नव्हतं. "बग," ते बालाजीला म्हणाले, "काय झालं का?"

आणि सरांच्या तोंडून तो आवाज आला.

सर ताठ झाले आणि मागं कलले. वहिनींच्या हातातून सुटले. पुढचं सगळं एका श्वासात झालं. सोडलं असतं तर सर फरशीवर आपटले असते. आवळलं असतं तर काय होतं, ते बालाजीइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यानं दोन्हीतलं काहीच केलं नाही. गुडघे वाकवून तो सरांच्या खाली शिरला आणि त्यांच्याआधी स्वतः पाठीवर पडला. त्याचं डोकं अंगणातल्या फरशीवर आपटलेलं मी ऐकलं. सर त्याच्या छातीवर पडले. पडता क्षणी त्यानं दोन्ही हात सरांपासून काढून घेतले, बाजूला लांब पसरले आणि तळवे उघडे ठेवून जमिनीला टेकवले.

सर त्याच्या अंगावर झटके खात होते. त्यांचं डोकं त्याच्या हनुवटीवर आपटत होतं, कोपर बरगडीत बसत होतं. तो हलला नाही. त्याची बोटं मात्र सारखी आखडत होती आणि तो ती पुन्हा पुन्हा उघडत होता. डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं.

"मॅडम," तो मला म्हणाला, "किती झालं?"

"एक मिनिट."

"आता?"

"दीड."

वहिनी शेजारी गुडघ्यावर बसल्या होत्या, सरांच्या तोंडाकडे बघत. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. बालाजीनं आणखी तीनदा विचारलं आणि मी तीनदा सांगितलं. साडेतीन मिनिटांनी झटके मंदावले, मग थांबले. सरांचा घोरल्यासारखा श्वास सुरू झाला. त्यांची मान बालाजीच्या खांद्यावर कलली. आता त्यांना कुशीवर वळवायला हवं होतं, पण आमच्यापैकी कुणीच हललं नाही. बालाजीचे हात अजून तसेच दोन्हीकडे पसरलेले होते.

"वहिनी," तो म्हणाला, "आता धरू का?"

 वहिनींनी सरांच्या मांडीवरून, कमरेवरून, पाठीवरून हळूहळू हात फिरवला, एकेक हाड चाचपून पाहिलं. मग म्हणाल्या, "धर."

त्यानं आधी एक हात उचलून सरांच्या पाठीवर ठेवला, मग दुसरा.